दारावरची सनई

अंबाबाईच्या महाद्वारावर नगारखाना, जुन्या राजवाड्याच्या दारावर भवानी मंडपाशी नगारखाना. कोल्हापुरानं सनईला जागा दिली, पण दारावर. आतली बैठक गवयाची. 1883 सालचा देवल क्लब, शाहू महाराजांच्या दरबारी आलेले अल्लादिया खाँ, यांच्यामुळे या गावाचा कान तयार झाला तो ख्यालावर. सनई वेळेवर वाजली म्हणजे झालं. ती चांगली वाजली की नाही, हे कुणी विचारलं नाही.

त्याची किंमत वाजवण्यानं मोजली. सासनकाठीपुढं काय किंवा अक्षता पडताना काय, सलग मिळून मिळणार ती पाच-सात मिनिटं. त्यात आलाप कुठून येणार? नाट्यपदाचं तोंड वाजवायचं, एक सिनेमातलं गाणं, की लगेच द्रुत. राग मांडायची सवय मोडली ती अशी.

ही विद्या होलार, गुरव, कोरवी अशा समाजांतल्या घरांतून चालत आली. पोरगा आधी सूर धरायला बसतो. गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेत, षड्ज तुटू द्यायचा नाही. मुख्य सनई हातात यायला वर्षं जातात. पत्ती ओठांत भिजवायची, फुंकून बघायची, किंचित खरवडायची, पुन्हा फुंकायची. मींड काढायची तर बोट भोकावरून हळूहळू सरकवत ओठांचा दाब बदलायचा. जरा चुकलं की सूर चिरकला. एवढं कमावलेलं काम लग्नसराईपुरतं. एरवी शेतमजुरी, नाहीतर बँडमध्ये क्लॅरोनेट. त्यात मंगल कार्यालयात आता पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यात बहुतेक वेळा बिस्मिल्ला खाँ असतात. म्हणजे मुहूर्त इथला, सनई बनारसची, आणि गावचा वाजंत्री घरी.

खाँसाहेबांची सनई घरोघर पोचवणाऱ्यांत 1959 सालचा ‘गूंज उठी शहनाई’ हा सिनेमा मोठा. त्याचे संगीतकार वसंत देसाई. त्यांची उमेदवारी झाली ती 1929 साली कोल्हापुरात निघालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीत. ‘प्रभात’च्या बोधचिन्हातही तुतारी फुंकणारी स्त्री! चित्रात फुंकवाद्याचं कौतुक करायला हे गाव कधी चुकलं नाही.

वाद्याचं खरं कौतुक कसं होतं ते बघायचं तर सनईचा युरोपातला भाऊबंद घ्या, बासून. तोही पत्त्यांच्या फटीतून फुंकायचा. अडीचेक मीटरची नळी दुमडून उभी केलेली. तिथले वादकही पत्ती स्वतः तासत बसतात. पण विवाल्दीनं त्या वाद्यासाठी तीसहून जास्त कंचेर्टो लिहिले, मोत्झार्टनं 1774 साली एक. वाद्यवृंदात बासूनवाल्याची खुर्ची ठरलेली, पगार ठरलेला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याला नावं ठेवणारा समीक्षकही ठरलेला. मला हेवा वाटतो तो या शेवटच्याचा.

लांब कशाला जायचं? सोलापूरकडच्या जाधव घराण्यानं सनईहून आखूड अशी सुंद्री मैफलीत नेली, तिच्यावर राग मांडले. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांच्या सनईच्या तबकड्या निघाल्या. दरबार, रसिक, नाट्यगृह यांत कोल्हापूर कुठं कमी होतं? कमी पडली ती आतली सतरंजी. सनईवाल्याला एकदा सूर धरणाऱ्यासकट आत बसवावं, सकाळचा तोडी द्यावा आणि तासभर कुणी उठू नये. निम्मे वादक उघडे पडतील. पडू देत; गवईही पडतात.