पंगत आणि स्मरणिका: वसतिगृहातल्या बंधुत्वाची तपासणी



दिवाळी आटोपली की आपल्याकडे मेळाव्यांचे दिवस येतात. भंडारा असो, तुमसर असो, साकोली असो, कुठल्यातरी सभागृहात केस पिकलेले माजी विद्यार्थी जमतात, एकमेकांना जुन्या टोपणनावांनी हाका मारतात, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक स्मरणिका पडते. गुळगुळीत कागद, पुढे मान्यवरांचे संदेश, मागे जाहिराती, आणि मधे आठवणी. निवृत्तीनंतर आम्ही अशा स्मरणिका जमवून वाचायला लागलो. त्यांची समीक्षा कोणी करत नाही, कारण त्यांना कोणी वाङ्मय मानत नाही. पण आमचं म्हणणं असं की होस्टेलच्या मैत्रीविषयी आपला समाज स्वतःला काय सांगतो, हे जितकं स्पष्ट या स्मरणिकांत दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्यांच्यावर.

चारदोन स्मरणिका वाचल्या की साचा लक्षात येतो. मेसचं पाण्यासारखं वरण आलंच पाहिजे. कडक रेक्टर आणि त्यांना चुकवून पाहिलेला रात्रीचा सिनेमा आलाच पाहिजे. गॅदरिंगमधले फिशपाँड येतात. कोणाला कोणता पडला आणि तो कसा लाल झाला, हे येतं. आणि हमखास एक लेख असतो, सीनियरांनी पहिल्या महिन्यात काय काय करायला लावलं त्याचा. रात्री दोनला उठवलं, रांगेत उभं केलं, गाणं म्हणायला लावलं. शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं: तेव्हा राग आला, पण त्यातूनच आम्ही भाऊ-भाऊ झालो.

या शेवटच्या वाक्यावर आम्हाला थांबायचं आहे. ते खरं आहे का? आणि खरं असेल तर कोणाच्या बाबतीत?

छळातून बंधुत्व तयार होतं ही कल्पना भंडारा-नागपूरची नाही. तिला जगात मोठी परंपरा आहे. अमेरिकेत 1776 च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा नावाचा गुप्त संघ काढला. ग्रीक अक्षरांचं नाव, शपथ, हस्तांदोलनाची खूण, सगळं होतं. पुढे तो संघ विद्वानांची सन्मानसंस्था झाला आणि त्याने गुप्तता सोडली. पण साचा मागे उरला. 1825 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात एकामागून एक असे संघ निघाले आणि देशभर पसरले. त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात, म्हणजे भाऊबंदांचा संघ. नवा सभासद निवडून घ्यायचा, त्याची परीक्षा पाहायची, ती पुष्कळदा अपमानाची आणि कधी जीवावर बेतणारी, आणि मग त्याला आत घ्यायचं. या संघांची दारं गोऱ्या मुलांपुरती होती. म्हणून 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अल्फा फाय अल्फा हा स्वतःचा संघ काढावा लागला. बंधुत्वाच्या नावाने बांधलेल्या घरातही भाऊ कोण हे आधी ठरलेलं असतं, हे त्यांना चांगलंच कळलं होतं.

आता परीक्षेचं. 1959 साली एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका चर्चामंडळात प्रवेश द्यायचा, पण काही मुलींना त्याआधी संकोचाने जीव जाईल अशी परीक्षा द्यायला लावायची, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना तीच मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवायची. निष्कर्ष असा निघाला की जिने जास्त सोसलं तिला ती रटाळ चर्चा जास्त आवडली. बघा, किती साधी गोष्ट आहे. इतकं सोसलं ते फुकट गेलं, हे स्वतःशी कबूल करणं माणसाला जड जातं. म्हणून तो म्हणतो, मंडळ चांगलंच होतं.

आमच्या मते स्मरणिकेतल्या त्या शेवटच्या वाक्याची गुरुकिल्ली इथे आहे. लिहिणारा खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. पण त्याला तसं वाटणं हा त्या प्रथेच्या चांगुलपणाचा पुरावा होत नाही. सोसलेल्याला किंमत यावी म्हणून मनाने लावलेला तो अर्थ आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. स्मरणिका कोण लिहितं? जो टिकला तो लिहितो. जो पोरगा पहिल्या महिन्यातच वळकटी गुंडाळून लाखांदूरच्या एसटीत बसला, त्याचा लेख कुठल्याच स्मरणिकेत नसतो. त्याचं नाव ग्रुप फोटोतही नसतं, कारण फोटो निघाला फेब्रुवारीत. टिकलेल्यांच्या साक्षीवर प्रथेला निर्दोष ठरवणं म्हणजे नदीतून पोहून आलेल्यांनाच तेवढं विचारायचं, वैनगंगेला ओढ आहे का हो? ते म्हणतील, छे, मजा आली.

कायद्याने हे ओळखलं, आपल्याकडे लवकर ओळखलं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश नाही. पुढे राघवन समिती आली, 2009 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. दरवर्षी प्रतिज्ञापत्रं भरून घेतात. हे सगळं हवंच आहे. पण कायदा काय करू नका ते सांगतो. बंधुत्व कसं तयार होतं, हे त्याच्या कक्षेत येत नाही. ते उत्तर शोधायला आपल्याच वसतिगृहांच्या इतिहासात जावं लागतं, आणि स्मरणिकांनी नेमका तोच इतिहास गाळला आहे.

कोल्हापूरला चला. शाहू महाराजांनी 1896 साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं असं वसतिगृह काढलं. दार सर्वांना उघडं, पण प्रत्यक्षात तिथे उरले ते ब्राह्मण विद्यार्थी. महाराजांनी त्यातून धडा घेतला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आज कोणी म्हणेल, हे तर जातीजातींचे संघ झाले. आक्षेप खोटा नाही. पण ज्याला पंगतीत बसूच देत नाहीत त्याला आधी ताट तर मिळालं पाहिजे. या बोर्डिंगांनी ताट दिलं. पंगत मात्र अजून वेगवेगळीच होती.

ती किती वेगळी होती, हे जैन बोर्डिंगात राहणाऱ्या एका मुलाने अनुभवलं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ कर म्हणून सांगितलं, त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा भाऊराव पाटील. मोठेपणी त्याने काय केलं? आपल्याला छळलं तसं पुढच्यांना छळू, ही सीनियरांची परंपरा त्याने चालवली नाही. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथे प्रवेशाची परीक्षा होती का? होती की. पण ती सगळ्यांना रोज द्यावी लागे: स्वयंपाक, भांडी, सडासारवण, शेतातलं काम. जुना-नवा, वरचा-खालचा असा भेद कामात नव्हता. लक्ष्मीबाई पाटलांनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. फ्रॅटर्निटी शब्दात भाऊच तेवढा दिसतो. पण साताऱ्याचं ते बंधुत्व एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर उभं राहिलं, हे आपल्या पोरांना कोणीतरी सांगितलं पाहिजे.

आता मिठाची गोष्ट. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मैत्रीला दोन प्रकरणं दिली आहेत. उपयोगाची मैत्री, मौजेची मैत्री, आणि सद्गुणाची मैत्री, असे तो तीन प्रकार करतो. तिसऱ्या प्रकाराला वेळ लागतो, आणि त्यासाठी तो एका जुन्या म्हणीचा आधार घेतो: पुरेसं मीठ बरोबर बसून खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडेही मीठ आहे. पण आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. आपल्या मिठात एक देणारा आहे आणि एक खाणारा; त्यात निष्ठा आहे, उपकार आहे, बरोबरी नाही. अ‍ॅरिस्टॉटलचं मीठ दोघांच्या मधे ठेवलेलं आहे. सीनियर-ज्युनियरचं नातं आमच्या मते पहिल्या मिठाचं आहे. आज मी तुझं ऐकतो, उद्या तू मला नोट्स देशील, परवा नोकरीला लावशील. उपयोगाची मैत्री ती, आणि उपयोग संपला की फक्त मेळाव्याला आठवते. साताऱ्याने दुसरं मीठ वाढलं.

बाबासाहेबांच्या आयुष्यात ही दोन्ही मिठं दिसतात. 1913 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथल्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनचं शिक्षण पुरं करायला जाताना भथेनांचे उसने पैसे कामी आले. आणि तेच बाबासाहेब 1917 साली बडोद्याला नोकरीवर गेले, राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. समाज तोच, देश वेगळा. माणसाला जमातीने बरं किंवा वाईट केलं नाही. फरक पडला तो खोलीने. एका ठिकाणी दोघे एका छताखाली राहून अभ्यास करत होते. दुसऱ्या ठिकाणी छत मिळण्याआधी जात विचारली गेली.

म्हणून राज्यघटनेच्या उद्देशिकेत जेव्हा बंधुता हा शब्द आला, तेव्हा तो शोभेसाठी आला नव्हता. संविधान सभेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीने 1948 साली तो घातला, आणि मसुदा पाठवताना बाबासाहेबांनी कारण दिलं की बंधुतेची आणि सलोख्याची गरज आजच्याइतकी कधी नव्हती. 1954 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीवर बोलताना त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत. त्याच वर्षी ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते, आणि आपण त्यांना पाडलं होतं. हे भंडाऱ्यात बोलताना विसरून चालत नाही.

शेवटचा मुद्दा आजचा. 2018 साली आदिवासी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचा निर्णय झाला. पोरांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांची तक्रार पैशाची होती, वेळेवर न मिळण्याची होती, आणि ती रास्तच होती. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खात्यात पैसे आले की प्रत्येकजण आपापला डबा शोधतो. पंगत मोडते. शासन हिशेब करतं तेव्हा मेस म्हणजे खर्चाची एक ओळ असते. गडचिरोलीचा, गोंदियाचा, भंडाऱ्याचा पोरगा दुसऱ्या तालुक्यातल्या, दुसऱ्या जातीतल्या पोराजवळ मांडीला मांडी लावून बसतो, ती बहुधा तेवढीच एक जागा असते. वरण पातळ का असेना.

तर मेळावे भरवणाऱ्या मित्रांना आमची एक विनंती. पुढची स्मरणिका काढाल तेव्हा दोन पानं राखून ठेवा. एका पानावर मेसमध्ये तुम्हाला वाढणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची नावं छापा. अजून हयात असतील तर व्यासपीठावर बोलवा. दुसऱ्या पानासाठी तुमच्या बॅचचं जुनं हजेरीपत्रक काढा, जुलैत असलेली आणि फेब्रुवारीत नसलेली नावं शोधा, आणि त्यातल्या एकाला तरी फोन करा. का गेलास, एवढंच विचारा. तो जे सांगेल ते न कापता छापा. मग ठरवू, आपण भाऊ-भाऊ झालो होतो की नाही.