मक्त्याची पुस्तके

टीकाकाराने एखाद्या कादंबरीवर लिहावे, एखाद्या काव्यसंग्रहावर लिहावे, फार तर एखाद्या वाङ्मयप्रकाराचा विचार करावा, असा आपल्या दिवाळी अंकांचा संकेत आहे. आज मी ज्या मजकुराविषयी लिहिणार आहे तो कोणत्याही कादंबरीहून अधिक लोकांनी मान्य केलेला आणि कोणत्याही कादंबरीहून कमी लोकांनी वाचलेला आहे. वाचनयंत्रावर, म्हणजे ज्याला सगळे ई-रीडर म्हणतात त्यावर, पुस्तक घेताना आपण ज्या करारनाम्याला बोटाच्या एका टेकणीने संमती देतो, तो हा मजकूर. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. तसे करण्याचे कारण मात्र वाङ्मयीन नव्हते.

आमचे गाव तळेगाव. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ असल्यामुळे आम्हांला नाव सांगताना कंस उघडून त्यात श्यामजी पंतांना बसवावे लागते. नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, आष्टी तालुक्यात, संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेले हे गाव. येथे कादंबरी हवी तर आर्वी किंवा वर्धा, नाहीतर थेट नागपूर गाठावयाचे, ही आमची जन्माची सवय. तेव्हा चार वर्षांपूर्वी लेकीने पुण्याहून हे यंत्र पाठवले आणि खाटेवर बसल्या बसल्या पुस्तक हातात येऊ लागले, त्याचे अप्रूप मला किती वाटले असेल ते पुण्यामुंबईच्या वाचकास समजणे कठीण आहे. यंत्राचे गुण मी आधीच मोकळ्या मनाने सांगतो. त्याच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या कणांची हलवाहलव होऊन अक्षर उमटते. ते कागदासारखे शांत दिसते, दूरचित्रवाणीसारखे डोळ्यांत घुसत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. शंभर पुस्तके उशाशी घेऊन झोपले तरी उशी उंच होत नाही. २०१६ च्या डिसेंबरात अॅमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आणली; पुण्याच्या बुकगंगेने मराठी ई-पुस्तकांचा व्यवहार नेटाने चालवला. साठी उलटलेल्या खेड्यातल्या वाचकाला हा एक प्रकारचा सुवर्णकाळच म्हणावयाचा.

आमचे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. डोळ्याच्या पडद्याच्या विकारामुळे छापील अक्षर त्यांना दिसेनासे झाले आहे. गेल्या दसऱ्याला सोने द्यायला आले, माझ्या यंत्रावरचे ठळक अक्षर त्यांनी पाहिले आणि जवळजवळ एक पान उभ्याउभ्याच वाचून काढले. दोन वर्षांत त्यांनी वाचलेले ते पहिले पान. "हे पुस्तक मला द्या दोन आठवडे," ते म्हणाले, "यंत्र नको. नातवाने टाकून दिलेले असेच एक घरी पडून आहे. नुसते पुस्तक द्या."

पुस्तक देणे! पन्नास वर्षे आम्ही दोघांनी एकमेकांना पुस्तकेच तर दिली. मी दोन संध्याकाळी खटपट केली. तार जोडली, फाईल इकडून तिकडे गेलीही. पण त्यांच्या यंत्राने ती उघडण्याचे नाकारले. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण नियम बहुतेकांचा हाच आहे. पुस्तकाची फाईल सांकेतिक रूपात गुंडाळलेली असते. ती उलगडण्याची किल्ली वाचकाच्या नावाच्या खात्याशी बांधलेली असते, आणि दुसऱ्याच्या खात्यावर चालणाऱ्या यंत्राला ती किल्ली मिळत नाही. फाईल पोचते, पुस्तक पोचत नाही.

ही खटपट शेजारचा बागाईतदार ओट्यावर बसून पाहत होता. त्याने विचारले, "काकाजी, पैसे देल्ले न तुमी याचे?" मी म्हटले, दिले. "मंग हे इकत घेनं नाही झालं. हा तं मक्ता झाला. वावर पेरा, पीक घ्या, पन सातबारा त्याच्याच नावावर."

करारनामा मी वाचला तो ह्या वाक्यानंतर; आणि वाचून झाल्यावर माझे मत असे झाले की, त्या विषयावर ह्याहून नेमके भाष्य करणे मला साधणार नाही. किंडलचा करारनामा घ्या. वाचकाला 'आशय' विकला जात नाही, केवळ वापरण्याचा परवाना दिला जातो, असे तो स्वच्छ म्हणतो. तो परवाना दुसऱ्यास विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, कोणाच्या नावे करता येत नाही. आता 'आशय' हा शब्द पाहा. आशय आणि अभिव्यक्ती ह्यांच्या नात्यावर आपल्या समीक्षेने किती शाई आटवली! येथे ज्ञानेश्वरीपासून पाककृतीच्या पुस्तकापर्यंत सगळ्याला 'आशय' हे एकच नाव आहे, आणि त्याचा अर्थ माल असा आहे. लेखकाचा उल्लेख शोधावा तर जो भेटतो तो 'आशय पुरवणारा' इसम. गद्य म्हणून ह्या मजकुरात एक गुण मात्र मानला पाहिजे: तो खोटे बोलत नाही. खोटे असलेच तर ते करारनाम्यात नसून दुकानाच्या दर्शनी बाजूस, 'विकत घ्या' ह्या बटणावर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने ह्याच शब्दावर बोट ठेवले. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे, आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकास स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याला 'विकत घ्या' असे म्हणता येत नाही. शब्दार्थाच्या बाबतीत एखाद्या विधिमंडळाने टीकाकाराचे काम केल्याचे हे उदाहरण मला फार आवडले.

मक्त्याला निदान मुदत असते. एका हंगामाची, एका सालाची. ह्या मक्त्याला मुदत लिहिलेली नाही, म्हणून तो कायमचा वाटतो. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' ह्या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून घेतल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्याला हक्क नव्हता, हे खरे. पैसे परत केले, हेही खरे. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर काढलेली टिपणे पुस्तकाबरोबर निराधार झाली आणि तो न्यायालयात गेला. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांचा धंदा सोडला आणि वाचकांना कोबोच्या स्वाधीन केले. घरमालक बदलला, बिऱ्हाड हलले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. पुस्तके नाहीशी झाली, किंमत परत मिळाली आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर देण्यात आले. समासातल्या टिपणांचे मोल कोणी ठरवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आमच्या वडिलांच्या 'गीताई'च्या प्रतीत हळदीच्या बोटाचा एक डाग आहे आणि चौथ्या अध्यायापाशी आईच्या हातची पेन्सिलीची रेघ. त्या रेघेचे किती डॉलर येतील?

२६ फेब्रुवारी २०२५ पासून अॅमेझॉनने घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. पुष्कळांनी तिचा उपयोग कधी केलाही नसेल. पण फाईल आपल्या घरात, आपल्या पेटीत ठेवण्याची ती एक खिडकी होती, आणि ती मिटली.

छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी सुटला होता. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या आतल्या पानावर छापले की, ही एक डॉलरहून कमी किमतीस विकल्यास हक्कभंग समजू. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटांना विकली. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची सत्ता उरत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रती लोकांत आणण्याचा लेखकाचा हक्क आधीच चलनात आलेल्या प्रतींना लागू नाही. रद्दीच्या दुकानातली कादंबरी म्हणूनच निर्वेधपणे आपल्या घरी येते. युरोपातील न्यायालयाने मात्र डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट ह्या डच पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सांगितले की, हा न्याय ई-पुस्तकाला लागू नाही. कारण विचार करण्याजोगे आहे: अशी प्रत झिजत नाही, पिवळी पडत नाही, तेव्हा जुनी प्रत ही नव्या प्रतीची पुरती सवतच ठरते.

हे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ घरोघरच्या मोबाइलवर कशा फिरल्या, ते आपण सर्वांनी पाहिले आहे आणि खरे बोलावयाचे तर पुष्कळांनी पुढेही ढकलल्या आहेत. हजार प्रतींची आवृत्ती संपण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मराठी प्रकाशकाने कुलूप लावले, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आली. तीही हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यास, एवढा विवेक त्या कलमाने राखला आहे. माझी तक्रार कुलपाविषयी नाही. एका माणसाने एका माणसाला एक पुस्तक द्यावे आणि तेवढे दिवस ते आपल्याकडे नसावे, ही जी उसनवारीची साधी रीत, तिला ह्या रचनेत जागाच ठेवलेली नाही, ही माझी तक्रार आहे. चोर आणि स्नेही ह्यांत फरक न करणारे कुलूप मला अपुऱ्या बुद्धीचे वाटते.

कुलूपबंद ग्रंथ आमच्या मुलुखाला नवे नाहीत. वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात गेले की रिद्धपूर आहे. 'लीळाचरित्रा'चे संकलन करणाऱ्या म्हाइंभटांचे रिद्धपूर. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पंथाबाहेरच्या हाती पोथी पडली तरी तिला ती मुकी. परिणामी मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके मराठी वाचकाला ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने अशा विदर्भातल्या अभ्यासकांनी हे भांडार उजेडात आणले, आणि वि. भि. कोलत्यांची 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. कुलपाने पोथी राखली आणि वाचकाला मुकवलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु एक भेद आहे. तेथे किल्ली वाचणाऱ्याच्या डोक्यात होती. गुरूने ती शिष्याला दिली की शिष्याची झाली, आणि गुरू गेला तरी पोथी उघडत राहिली. आमच्या यंत्राची किल्ली दुकानदाराच्या फडताळात आहे, आणि दुकान उठले की किती पोथ्या मुक्या होतील ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. राजवाड्यांसारखा कोणी पुढे निपजला तरी त्याला उकलण्यासाठी हातात काही उरले पाहिजे ना!

तोवर मी माझ्यापुरते काही ठरवले आहे. जे पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटेल, ते कागदावर घ्यावयाचे. यंत्रावर घ्यावयाचे तर कुलूप नसलेले आधी पाहावयाचे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, ई साहित्य प्रतिष्ठानाची लेखकांच्या संमतीने मिळतात, आणि स्वामित्वहक्क संपलेले वाङ्मय तर आपलेच आहे. साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांचे झाले. ह्यांतली वीसेक पुस्तके मी गुरुजींच्या यंत्रात त्याच तारेने घालून दिली आणि ती मुकाट्याने उघडली.

पण गुरुजींना ती कादंबरीच हवी होती. शेवटी मी माझे यंत्रच त्यांना देऊन टाकले, तीन आठवड्यांसाठी. ते तीन आठवडे माझी अर्धी लायब्ररी त्यांच्या घरी आणि मी जुने दिवाळी अंक चाळीत बसलेला. यंत्र परत आले तेव्हा कादंबरीत जागोजागी खुणा होत्या. हात थरथरतो, म्हणून काही शब्दांच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपलेल्या. मी त्या पुसलेल्या नाहीत. दुकानाच्या दप्तरी त्या माझ्याच नावावर जमा आहेत.