‘मोहेंजो दारो’ : श्रमाविना नगर

आशुतोष गोवारीकर यांचा ‘मोहेंजो दारो’ १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर आपटला. त्यावरची बरीचशी चर्चा नायिकेच्या शिरोभूषणापुरती आणि संगणकावर रचलेल्या पुरापुरती राहिली. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्या नगराची लिपी अजून वाचता आलेली नाही, जिथे राजाचा म्हणून ठामपणे दाखवता येईल असा वाडाही सापडलेला नाही, त्या नगरात दिग्दर्शकाला कोण दिसले आणि कोण दिसलेच नाही?

उत्खननात सापडले ते श्रम. १९२२ च्या सुमारास राखालदास बॅनर्जी यांनी तेथे खोदकाम केले. पुढील उत्खननांत हाती आल्या त्या १:२:४ या प्रमाणातल्या भाजक्या विटा, शेकडो विहिरी, झाकलेली गटारे. या विटा कोणी थापल्या? भट्टीपुढे कोण भाजून निघाले? गटारांतला गाळ कोणी उपसला? तेव्हा जात होती, असा दावा येथे नाही. पण गाळ आपोआप निघत नाही, एवढे तर खरे! खरी गोष्ट येथेच होती.

चित्रपट तिकडे पाठ फिरवतो. मगरीशी झुंज, नरभक्षकांशी आखाड्यातली लढाई, शेवटी महापूर. अमरी गावचा नीळ पिकवणारा सरमन नगरात येतो, वाढीव कराविरुद्ध उभा राहतो, तेव्हा आशा वाटते. पण लवकरच कळते की तो शेतकऱ्याचा नव्हे, पूर्वीच्या प्रधानाचा मुलगा आहे. म्हणजे बंडाचा अधिकारही जन्मानेच मिळायचा! शेवटी तो प्रमुखपद नाकारून लोकांच्या राज्याची भाषा बोलतो खरा. पण तोवर लोक केवळ गर्दी होऊन उभे राहिलेले असतात.

याच दिग्दर्शकाच्या ‘लगान’मध्ये (२००१) क्रिकेटचा देखावा शेतसाऱ्याच्या प्रश्नातून उगवला होता. तेथे कचरा नावाचा अस्पृश्य निदान दिसला तरी. भले त्याची बाजू भुवनने मांडली असेल आणि त्याला संघात जागा अधू हाताच्या फिरकीने मिळाली असेल. येथे तेवढेही नाही.

याला उत्तर म्हणून सिंधूचे लोक आमचेच पूर्वज, असा रक्ताचा दावा आपणही करू नये. बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धांतच नाकारला होता. रक्ताने मोठेपण ठरवणे हीच तर जुनी व्यवस्था. आपले नाते मातीशी आणि श्रमाशी आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला हे पुरातन वाटू नये. पावसाळा सरला की कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उचल घेतलेली कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह राबायला येतात. त्यांच्या विटांनी येथल्या इमारती उभ्या राहतात. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. अशी जीवघेणी सफाई करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ सालीच झाला होता.

वीट थापणारा आणि टाकीत उतरणारा ज्याला आज दिसत नाही, त्याला चार हजार वर्षांपूर्वीचा कसा दिसावा? कोट्यवधींचा खर्च करून उभे केलेले नगर म्हणूनच निर्जीव राहिले. आपल्यातल्या नव्या लेखकांनी, नाटककारांनी ही गोष्ट हाती घ्यावी. तिला महापूर लागणार नाही. एक वीट पुरेल.