१०० गाड्या, १९० तक्रारी

आमच्या घरात मोटार घ्यायची असं ठरलं त्या दिवसापासून घरातली शांतता गेली. मोटार अजून आली नव्हती, पण तिचा आवाज सुरू झाला होता.

वास्तविक मोटार ही माझ्यासारख्या बँकेतल्या क्लार्कची वस्तू नव्हे. दुसऱ्याच्या मोटारकर्जाच्या कागदांवर शिक्के मारणं, एवढाच माझा मोटारीशी संबंध. पण आबांना दर पंधरवड्याला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागू लागलं आणि प्रश्न बदलला. बीबीहून जालना म्हणजे दुसरबीड, सिंदखेडराजा करत जायचं. जाताना एस.टी. बरी असते. येताना मात्र अंगातलं त्राण गेलेला सत्तरीतला माणूस जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकू शकत नाही. आणि त्याच्या मुलानं टाकला तर तो हमखास दुसऱ्याच्या मांडीवर पडतो. तेव्हा गाडी घ्यायची. रंग, आकार, आतलं गाणंबजावणं यांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. अट एकच : आबांना घेऊन निघालेल्या गाडीनं आबांना घेऊन पोचायचं. मधे थांबायचं नाही.

ही अट मी पुण्याच्या मेव्हण्याला कळवली. जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्या तरी यादीत असतं, असं मानणाऱ्यांपैकी तो आहे. त्यानं लग्नसुद्धा बारा मुलींना गुण देऊन केलं. पहिल्या तिघींनी नकार दिल्यामुळे तो चौथ्या क्रमांकाबरोबर सुखानं नांदतो आहे. त्या बाराजणी त्यालाही गुण देत होत्या, हा रकाना मात्र त्याच्या यादीत नव्हता.

मेव्हण्यानं मोबाईलवर ‘सर्वांत भरवशाच्या मोटारी’ अशा चार परदेशी याद्या पाठवल्या आणि खाली लिहिलं, ‘आता डोळे मिटून घ्या.’ बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘डोळे मिटून’ हे शब्द ऐकले की आधी डोळे उघडावेसे वाटतात. मी वही काढली आणि चार रकाने आखले. बी.कॉम.चा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

पहिली यादी अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या संस्थेची. ही मंडळी तीन वर्षं जुन्या गाडीच्या पहिल्या मालकाला विचारतात, बाबा रे, गेल्या १२ महिन्यांत काय काय बिघडलं? मग दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढतात. आकडा जितका कमी तितकी गाडी गुणी. २०२४ साली सरासरी निघाली १९०, आणि पहिल्या आलेल्या लेक्ससची १३५. वाचून मला घाम फुटला. १०० गाड्या आणि १९० तक्रारी! म्हणजे पहिल्या नंबरची गाडीसुद्धा दुसरबीडच्या अलीकडेच बसणार!

मग नीट वाचलं. त्या तक्रारींत सगळ्यांत मोठा गठ्ठा होता तो गाडीतल्या पडद्याचा नि मोबाईलचा. फोन जोडला जात नाही, सांगितलेलं पडद्याला समजत नाही, वगैरे. फोन जोडला गेला नाही, एक तक्रार. गिअरबॉक्स रस्त्यावर उतरला, एक तक्रार. आमच्या शाखेतली तक्रारवही मला आठवली. तिच्यात एका पानावर ‘दोरीला बांधलेल्या पेनात रिफील नाही’ अशी तक्रार आहे आणि दुसऱ्या पानावर ‘माझ्या खात्यातले पैसे गेले’ अशी. वरच्या ऑफिसला कळवताना आम्ही कळवतो, ‘तक्रारी : २’.

त्याच संस्थेची आणखी एक पाहणी आहे. तिच्यात नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजतात. इथे मला हसू आवरेना. बँकेच्या नियमानं कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, तरच खातं बुडीताच्या वाटेला लागलं असं धरतात. म्हणजे ९० दिवसांत आम्ही अट्टल थकबाकीदारालाही वाईट म्हणत नाही. मग बिचारी नवी गाडी त्या मुदतीत काय गुण उधळणार? आणि पहिल्या मालकाचं म्हणाल, तर बीबीत गाडीचं खरं आयुष्य तिसऱ्या मालकापासून सुरू होतं. त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

दुसरी यादी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या अमेरिकन मासिकाची. हे मासिक जाहिराती घेत नाही, तपासायच्या गाड्या पदरचे पैसे देऊन विकत घेतं आणि मोठ्या बिघाडाला मोठं वजन देतं. ऐकून बरं वाटलं. पण ते विचारतं आपल्याच सभासदांना. तिसरी जर्मनीतल्या टीयूव्हीची. तिकडे गाडीची ठराविक वर्षांनी सक्तीची तपासणी असते, तिच्यात किती गाड्या नापास झाल्या त्याचा हा हिशेब. चौथी जर्मनीतल्याच एडीएसी या मोटारवाल्यांच्या संघटनेची. रस्त्यात बंद पडलेल्या किती गाड्यांना हिच्या माणसांनी हात दिला, ते ती मोजते. म्हणजे नेमका माझाच प्रश्न! मी हर्षभरित झालो. पण पुढं कळलं की काही मोटारकंपन्या आपल्या गिऱ्हाइकाला स्वतःचीच मदतगाडी पाठवतात. ते बिघाड या वहीत सगळे चढत नाहीत.

चार याद्यांचे चार पहिले नंबर पाहून मेव्हणा गोंधळला असता. मी गोंधळलो नाही, कारण मी लोणार तालुक्यातला आहे. आमच्या लोणारच्या सरोवराचं वय शास्त्रज्ञांनी एका पद्धतीनं काढलं तर सुमारे ५२ हजार वर्षं आलं आणि दुसऱ्या पद्धतीनं काढलं तर सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही पद्धती शास्त्रीय, दोन्ही माणसं विद्वान, आणि सरोवर एकच. यादी खोटी नसते हो. ती फक्त आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसते.

आता पैशाची बाजू. बँकेतल्या माणसाचं नाक तिकडे आपोआप वळतं. जे. डी. पॉवरचं बक्षीस मिळालेल्या कंपनीला ते जाहिरातीत मिरवायचं असेल तर त्याबद्दल संस्थेला पैसे मोजावे लागतात. एवढ्यावरून यादी विकली गेली असं मी म्हणणार नाही. पण मुंबईच्या आय.एल. अँड एफ.एस. कंपनीचं मानांकन ऑगस्ट २०१८ पर्यंत ‘एएए’ होतं, म्हणजे पहिल्या वर्गात पहिलं, आणि सप्टेंबरात ते ‘डी’वर येऊन आपटलं. मानांकन देणाऱ्यांची फी मानांकन घेणारी कंपनीच भरते, हे तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं. एडीएसीचंही तसंच. २०१४ साली ‘लोकांची आवडती मोटार’ या तिच्या बक्षिसात फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मतं पडल्याचं जाहीर झालं होतं. खरी होती ३,४०९. ही यादी आवडीची होती, भरवशाची नव्हे, हे खरं. पण छापणारे हात एकाच घरचे. आमच्याकडे एखादा आकडा असा फुगला असता, तर रात्री नऊपर्यंत टॅली लागली नसती आणि कुणी घरी गेलं नसतं.

आणि ‘अमुक कंपनी भरवशाची’ म्हणजे तरी काय? हा आडनावावरून माणूस ओळखण्याचा प्रकार झाला. एकाच आडनावाचे दोन भाऊ माझ्या लेजरमध्ये आहेत. एकाचा हप्ता तारखेच्या आदल्या दिवशी येतो, दुसरा मला बाजारात पाहिला की भाजी न घेता घरी जातो. गाड्यांचं याच्या उलटही आहे. चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड निघत असे. आतून सख्ख्या बहिणी, आडनावं वेगळी. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तर मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टात होतं आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोतही होतं. हृदय एक आणि घराणी तीन! आता एखाद्या यादीनं यांतलं एक घराणं तिसरं नि दुसरं तेरावं लावलं, तर तो फरक इंजिनाचा, दुरुस्तीच्या दुकानाचा, की मालकाच्या अपेक्षेचा? आणि ते तारेही इथं कामाचे नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ गाड्यांना तारे देते, पण ते धडक झाली तर माणूस वाचेल का याचे आहेत. गाडी धडकेपर्यंत पोचेल का, ते तारे सांगत नाहीत.

सगळ्या विद्वानांनी हात टेकले तेव्हा मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. बीबीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. ते गाडीखाली होते. मी त्यांच्या पायांना विचारलं, “मिस्त्री, सगळ्यांत भरवशाची गाडी कोणती?”

पाय म्हणाले, “जे माह्याकडं येत नाई, ते.”

मी खूष झालो. चार याद्यांचा अर्क एका वाक्यात! मी लगेच रोज येणाऱ्या तीन गाड्यांची नावं लिहून घेतली नि त्यांच्यावर फुली मारली. घरी जाताना मात्र रस्त्यावर मोजू लागलो, तर दहांतल्या सात गाड्या त्या तिघींपैकीच. बीबीत ज्या जास्त, त्याच गॅरेजात जास्त! आणि बाजारपेठेतल्या शेठजींची ती लांबलचक गाडी कधीच का दिसत नाही? मी परत फिरलो.

“ते कशी येईन, सायेब? तिचं आतलं काहीच मले समजत नाई. ते बंद पडली का टोचन लावून शहरात जाते.”

म्हणजे मिस्त्रींना अंश माहीत होता, छेद नव्हता. छेद ठेवते ती आपली एस.टी. दर १०,००० किलोमीटरमागे किती गाड्या वाटेत बंद पडल्या, असा हिशेब तिच्याकडे असतो. फोन जोडला जातो की नाही हे एस.टी. विचारत नाही. गाडी किती धावली आणि किती वेळा बसली, बस्स! मोटारींच्या याद्या करणाऱ्यांनी मेहकरच्या डेपोत आठ दिवस काढावेत अशी माझी नम्र सूचना आहे.

मग या याद्यांवर विश्वास ठेवायचा तरी किती? माझ्या मते, कर्ज देताना जामीनदारावर ठेवतो तेवढा. त्याची सही हवीच. पण सही त्याची म्हणून कर्ज त्याला देत नाही, कर्जदाराचं घर पाहून देतो. चार वेगळ्या रीतीनं केलेल्या याद्यांत एखादी गाडी वर्षानुवर्षं तळाशीच दिसत असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. वर्षानुवर्षं वरच असेल, तर तिला नमस्कार करावा. मधल्या गर्दीत पाचवी की अकरावी यावर झोप घालवू नये. तो फरक बहुधा मोबाईल जोडण्याचा असतो. कंपनीचं आडनाव सोडून नेमकी गाडी आणि नेमकं इंजिन विचारावं. आणि शेवटचा प्रश्न कुठल्याच यादीत नसतो, तो आपण विचारावा : ही बंद पडली तर तिला हात लावणारा माणूस किती लांब आहे?

त्या हिशेबानं मी गाडी घेतली. नाव सांगत नाही; सांगितलं तर तुम्ही तिलाही नंबर द्याल. यादीत ती मधेच कुठेतरी होती, पण दुसरबीड-बीबी पट्ट्यात तशा पुष्कळ धावतात आणि मिस्त्री तिचं बॉनेट डोळे मिटून उघडतात.

अडीच महिने बरे गेले. मग एकदा जालन्याहून येताना, सिंदखेडराजा मागे पडल्यावर, चहाला थांबलेली गाडी पुन्हा सुरूच होईना. दिवस मावळलेला. मागच्या सीटवर आबा. माझ्या डोळ्यांपुढून चारही याद्या सरकल्या. मिस्त्रींना फोन लावला. “बॉनेट उघडा. बॅटरीची तार हालवून दाबा,” ते म्हणाले. दाबली. गाडी खोकली नि सुरू झाली. आबा एवढंच म्हणाले, “एस.टी. बंद पडली तर मागची एस.टी. तरी घेते.”

चारच दिवसांनी जिथून गाडी घेतली तिथून फोन. आवाज कोवळ्या पोराचा. “सर, शून्य ते दहात आम्हाला किती गुण द्याल? दहाच द्या सर. नऊ म्हणजे आमच्याकडं नापास असतं.” मला त्याची दया आली. आमच्याकडेही वरून असेच फॉर्म येतात, आणि मीही काउंटरवर गिऱ्हाइकाला ‘उत्तम’वर खूण करा म्हणून विनवतो. मी ‘दहा’ म्हणणार, तेवढ्यात खाटेवरून आबा बोलले.

“खरं सांग. त्याच्यावर पाहून उद्या कोणी गाडी घेईन. त्याच्याबी घरी म्हातारा असन.”

मी मुकाट्यानं सात दिले नि तारेची हकिगत सांगितली. पलीकडून असा सुस्कारा आला की, मला वाटलं, त्या पोराची नोकरी मी खाल्ली.

दोन दिवसांनी दारात एक साहेब नि एक मेकॅनिक उभे. तार धरणारी पकडच ढिली होती, त्यांनी ती फुकट बदलून दिली, वर चहा घेतला आणि “सर, आता दहा कराल ना?” असं विचारून गेले.

त्या याद्यांवर माझा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. पण सातावर बसला आहे. दहा दिले असते, तर शहरातून बीबीपर्यंत कोण कशाला आलं असतं?