‘डीफॉल्ट बदला, झालं’ हा सल्ला अर्धवट का?

संशोधनासाठी डेटाबेस वापरणार असाल तर हे आधी वाचा.

आमच्या भिंगारमधल्या विहिरींच्या नोंदी मी एका जुन्या मायएसक्यूएल सर्व्हरवर भरल्या आणि मालकांची नावं झाली ‘????’. कारण साधं आहे. ५.७ आवृत्तीपर्यंत त्याची डीफॉल्ट लिपी लॅटिन आणि वर्णक्रम चक्क स्वीडिश होता! २०१८ मध्ये आलेल्या ८.० मध्ये युनिकोड डीफॉल्ट झालं, देवनागरी नीट साठू लागली.

पण प्रश्न संपला का? नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात तो ‘ल’नंतर लगेच. म्हणून यादीत ‘काळे’ ‘कासार’च्या आधी येतात. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळा वर्णक्रमच नाही. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूमुळे तो मिळतो. आवृत्ती १५ पासून अख्ख्या डेटाबेसला डीफॉल्ट म्हणूनही ठेवता येतो.

माझा खरा आक्षेप वरच्या सल्ल्यावर आहे. सर्व्हरचं डीफॉल्ट बदलल्याने जुने तक्ते बदलत नाहीत. त्यांचं रूपांतर वेगळं करावं लागतं. आणि प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं अक्षर कशानेच परत येत नाही. मला वही काढून सगळी नावं पुन्हा भरावी लागली.

म्हणून पहिली खरी नोंद करण्याआधी दोनच नावं टाकून बघा: काळे आणि कासार. दोन्ही नीट दिसली तर साठवण बरोबर. कासार आधी आले तर क्रमही मराठी.