‘शिकस्त’ : परतूरचा मुक्काम आणि पार्वतीबाई

जालना जिल्ह्यांतील परतूर हें गांव पानिपतच्या मोहिमेचें आरंभस्थान म्हणून अभ्यासकांस परिचित आहे. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर पडले. तें वर्तमान आल्यावर, उदगीरचा विजय नुकताच मिळविलेल्या सदाशिवरावभाऊंस उत्तरेंत धाडण्याचा निर्णय परतूरच्या मुक्कामीं झाला व मार्चमध्यें तेथून फौजा निघाल्या. या मोहिमेंत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. ना. सं. इनामदार यांची ‘शिकस्त’ (इ. स. १९८३) ही कादंबरी त्यांच्या चरित्रावर रचलेली आहे. कादंबरीचें परीक्षण येथें कशास, अशी शंका वाचकांस येईल. परंतु जेथें दप्तर मुकें होतें तेथें कादंबरीकार काय करितो, हा प्रश्न संशोधकाच्याहि अगत्याचा आहे.

राजवाडे यांनीं १८९८ त प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडांत भाऊंचीं गोविंदपंत बुंदेल्यांस गेलेलीं पत्रें आहेत. त्यांत द्रव्य व फौजेची हालचाल यांचा मजकूर विपुल. स्त्रियांचा शब्द नाहीं. नाना फडणिसांच्या आत्मवृत्तावरून त्यांची आई व पत्नी या स्वारींत होत्या आणि आईस ते मुकले, एवढें कळतें. पार्वतीबाई १४ जानेवारी १७६१ च्या संहारांतून वांचून दक्षिणेंत परतल्या. पतीचा मृत्यु त्यांनीं मानला नाहीं व वैधव्याचीं चिन्हें अखेरपर्यंत धारण केलीं नाहींत. पुढें भाऊंचा तोतया निघाला. १७७६ त त्यानें कोंकणांत बंड माजविलें व त्याच वर्षीं त्यास देहांत शासन झालें.

न. चिं. केळकरांनीं ‘तोतयाचें बंड’ या नाटकासाठीं हाच प्रसंग घेतला. इनामदारांचें श्रेय हें कीं, त्यांनीं या कथेचें केंद्र दरबारांतून काढून वाट पाहणाऱ्या स्त्रीकडे नेलें. ही प्रतीक्षा केवळ भाबडी नव्हती. पार्वतीबाई सौभाग्यवती म्हणून वावरत होत्या, तोंवर भाऊ हयात असल्याची शक्यता पेशव्यांच्या घरांतच जिवंत राहत होती. अबलेच्या मौनास असें राजकीय वजन होतें.

दोष आहे तो सीमारेषेचा. तेहरान येथें जन्मलेल्या अमेरिकन लेखिका अनिता अमीररेजवानी यांनीं ‘इक्वल ऑफ द सन’ (२०१२) मध्यें शहा तहमास्पची कन्या परीखान खानम हिची कथा जवाहिर नांवाच्या कल्पित खोजाच्या मुखीं घातली. राजकन्या इतिहासांतली, साक्षीदार कल्पनेंतला. वाचक फसत नाहीं. इनामदार मात्र ऐतिहासिक व्यक्तीच्याच अंतःकरणांत शिरतात. लेखनाची सरसता हीच येथें भ्रांतीचें कारण होते, आणि पार्वतीबाईंचा कल्पित मनोव्यापार दप्तरांतील उताऱ्याच्या योग्यतेस चढूं लागतो.

यावर उपाय कादंबरीवर रुष्ट होणें हा नव्हे. परतूर, जालना, अंबड या भागांतील जुन्या घरांत रुमाल असतील, तर संग्राहकांनीं सनदा व महजर तेवढे निवडून बाकीचे कागद रद्दींत घालूं नयेत. लुगडीं-चोळ्यांचे, बांगड्यांचे, दानदक्षिणेचे हिशेब क्षुद्र दिसतात. परंतु एखाद्या स्त्रीस घरानें सधवा मानलें कीं विधवा, हें सांगणारा पुरावा अशाच यादींत सांपडावयाचा. तो हातीं येईपर्यंत ‘शिकस्त’ अवश्य वाचावी. तिचा आधार मात्र देऊं नये.