अनुशेषाची मागणी आणि उत्तरकालीन कृती : 'आयर्न मेडन'च्या २००६ मधील अल्बमचे स्वागत

दीर्घकाळ निर्मिती करणाऱ्या कलावंताच्या उत्तरायुष्यातील कृतीसंबंधी रसिकांच्या तोंडी एक ठरीव वाक्य असते : 'पूर्वीची गोष्ट आता राहिली नाही.' हे वाक्य अनेकदा नवी कृती पुरती ऐकण्या-वाचण्याआधीच उच्चारले जाते. नाशिककरांना याचे घरचेच उदाहरण ठाऊक आहे. १९४२ मधील 'विशाखा'ने कुसुमाग्रजांची जी प्रतिमा मराठी मनात घडवली, ती इतकी बलवत्तर ठरली की 'छंदोमयी', 'मुक्तायन' यांसारख्या नंतरच्या संग्रहांतील शांत, उपरोधिक, स्वतःशीच बोलणाऱ्या कवीला वाचकांनी मान दिला, पण 'विशाखा'तील ओळींसारखे पाठांतराचे प्रेम क्वचितच दिले. साहित्यात हा प्रश्न बराच चर्चिला गेला आहे. लोकप्रिय संगीतात, विशेषतः हेवी मेटलसारख्या विद्यापीठीय समीक्षेने आपल्याकडे फारसा विचारात न घेतलेल्या प्रकारात, तो अधिक उघडपणे दिसतो, कारण तेथे रसिक आपला निकाल मैदानात उभे राहून मोठ्याने देतात.

'आयर्न मेडन' हा बँड १९७५ मध्ये बासवादक स्टीव्ह हॅरिस यांनी लंडनमध्ये स्थापन केला. १९८० मध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून गायक ब्रूस डिकिन्सन यांचा आवाज हीच त्याची ओळख बनली. १९९३ मध्ये डिकिन्सन बाहेर पडले व १९९९ मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ यांच्यासह परतले. तेव्हापासून तीन गिटारवादकांसह सहा जणांचा संच तयार झाला. या पुनर्मीलनानंतरचा तिसरा आणि एकूण चौदावा अल्बम म्हणजे २००६ मधील 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'. हॅरिस त्या वर्षी पन्नाशीत पोहोचले होते. योगायोग असा की एडवर्ड सैद यांचे 'ऑन लेट स्टाइल' हे मरणोत्तर पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. उत्तरकालीन कृती नेहमी परिपक्वता आणि समेट घेऊन येते असे नाही, ती कित्येकदा हट्टी, अवघड आणि आपल्या काळाशी फटकून वागणारी असते, हे अडोर्नोपासून चालत आलेले सूत्र सैद यांनी त्यात विस्ताराने मांडले आहे. ते सूत्र बिथोव्हेनसाठी घडले होते, तेव्हा मेटल बँडला ते सरसकट लावणे धाडसाचे होईल. परंतु हट्टीपणाचा मुद्दा येथे चपखल बसतो.

सुमारे बहात्तर मिनिटांच्या या अल्बममध्ये दहा गाणी आहेत. बहुतेक गाण्यांचा विषय युद्ध, धर्म आणि या दोहोंच्या नावाने होणारी माणसाची फरफट हा आहे. ध्वनिमुद्रणानंतर आवाजाची पातळी व पोत एकसारखे करणारी 'मास्टरिंग' ही अखेरची प्रक्रिया हॅरिस यांच्या निर्णयानुसार टाळण्यात आली. त्यामुळे या मुद्रणात वाद्ये एकाच खोलीत वाजत असल्याचा खडबडीतपणा राहिला. काहींना तो प्रामाणिक वाटला, काहींना अपुरा. चाहत्यांच्या तक्रारींचा मुख्य रोख मात्र रचनेवर होता. गाणी लांब आहेत, आरंभी मंद सुरावटींचे लांबलचक प्रास्ताविक आहे, ध्रुपद पुन्हापुन्हा येते आणि जुन्या गाण्यांतील वेग हरवला आहे, असे हे आक्षेप होते.

या तक्रारींत तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. 'आउट ऑफ द शॅडोज' हे गाणे बँडच्याच पूर्वीच्या संथ गाण्यांची फिकट आवृत्ती वाटते. आरंभीचे 'डिफरंट वर्ल्ड' सुबक आहे, पण पुढे येणाऱ्या ऐवजाची कल्पनाही ते देत नाही. 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' ही हॅरिस यांनी एकट्याने लिहिलेली नऊ मिनिटांहून अधिक लांबीची रचना अल्बमचा कणा म्हणता येईल. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेसमोर उभा राहिलेला सामान्य माणूस त्यात एकामागून एक प्रश्न विचारीत जातो. त्यातही ध्रुपदाची आवर्तने दोनाने कमी असती तर प्रश्नांची धार वाढली असती. याउलट 'द लाँगेस्ट डे'मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरणाऱ्या सैनिकांची घालमेल दबक्या सुरातून वाढत जाते. तेथे ते मंद प्रास्ताविक नसते तर नंतरचा स्फोट पोकळ ठरला असता. अर्थात लांबी हा दोष की गुण, हे गाण्यागणिक ठरते.

'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स' या गाण्यावर भारतीय वाचकाने थोडे थांबावे. ते अणुबाँबविषयी आहे. त्याचे शीर्षक रॉबर्ट युंक यांच्या १९५६ मधील अणुशास्त्रज्ञांवरील जर्मन पुस्तकाच्या शीर्षकाशी जुळते आणि त्या शीर्षकाचे मूळ भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शनात आहे. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीची आठवण ओपेनहायमर यांनी गीतेशी जोडल्याने ही प्रतिमा जगभर गेली. बंगळूरच्या मैदानात हे गाणे वाजले तेव्हा व्यासांची प्रतिमा जर्मन ग्रंथ आणि इंग्रजी गीत असा फेरा करून घरी परतली होती. विश्वरूपातील विस्मय मात्र वाटेतच गळून पडला, भय तेवढे उरले.

बंगळूरचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे, कारण या अल्बमच्या स्वागताची भारतीय बाजू तेथून सुरू होते. २००६ च्या दौऱ्यात बँडने एक असामान्य गोष्ट केली. नवा अल्बम त्यांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने सादर केला आणि जुन्या गाण्यांना अखेरीस पाच जागा ठेवल्या. चाहत्यांत यावरून फूट पडली. काहींनी हा निर्णय स्वाभिमानाचा मानला, तर काहींनी चालू कार्यक्रमातच जुन्या गाण्यांची मागणी लावून धरली. मराठी प्रेक्षकाला हे दृश्य परके वाटू नये. संगीत नाटकातील 'वन्समोअर' हीही प्रेक्षकाने कलावंतावर गाजवलेली सत्ताच होती. फरक एवढाच, की 'वन्समोअर' नुकत्याच ऐकलेल्या पदासाठी असतो, तर ही मागणी पंचवीस वर्षांपूर्वीच्या पदासाठी होती. १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला, तोवर नव्या अल्बममधील गाण्यांची संख्या पाचावर आली होती आणि 'द नंबर ऑफ द बीस्ट'च्या पंचविशीचे निमित्तही त्यात जोडले गेले होते.

त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १ फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर बँडच्या नव्या जागतिक दौऱ्याचा आरंभ झाला. डिकिन्सन स्वतः वैमानिक असल्याने बँड, सहकारी आणि सामान यांना घेऊन निघालेले बोइंग ७५७ तेच चालवीत होते. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांच्या 'फ्लाइट ६६६' (२००९) या अनुबोधपटात हा मुंबईचा टप्पा पाहावयास मिळतो. या दौऱ्याचे स्वरूप मागील दौऱ्याच्या अगदी उलट होते. १९८० ते १९८८ मधील गाणी, अपवाद फक्त १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चा. नेपथ्यही १९८४-८५ च्या दौऱ्यातील इजिप्शियन रूपाची पुनर्रचना करणारे होते. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'मधील एकही गाणे मुंबईत वाजले नाही. नाशिकहून जाणाऱ्याला परतीची पंचवटी एक्स्प्रेस सोडून द्यावी लागेल अशा वेळेचा तो कार्यक्रम होता, आणि तरीही त्यात नवे असे काही नव्हते.

येथे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे पडते. चाहते जुनी गाणी मागतात ते आपल्या तारुण्याच्या आठवणीपोटी, असे सर्रास म्हटले जाते. इंग्लंडमधील पन्नाशीच्या श्रोत्यापुरते ते मान्य करता येईल. परंतु मुंबईच्या मैदानावरील विशीतला विद्यार्थी 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) प्रसिद्ध झाला तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याला आठवण कशाची येणार? हान्स रॉबर्ट याऊस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते, पण एका दुरुस्तीसह. याऊस यांच्या मांडणीत क्षितिज कालक्रमाने सरकते. प्रत्येक नवी कृती मागच्या कृतींनी घडवलेल्या अपेक्षांना सामोरी जाते. भारतीय मेटल श्रोत्याचे क्षितिज असे क्रमाने घडले नाही. प्रती केलेल्या कॅसेटी, १९९१ नंतरच्या उपग्रह वाहिन्या आणि पुढे संगणकावरून हातोहात गेलेल्या फायली यांतून त्याला १९८२ आणि २००६ ही वर्षे जवळजवळ एकाच वेळी भेटली. त्याच्या लेखी जुने हे गेलेले नव्हते, ते न मिळालेले होते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक व्यवहारात यासाठी एक नेमका शब्द आहे : अनुशेष. एखाद्या प्रदेशाच्या वाट्याचे वर्षानुवर्षे न पोहोचलेले देणे, जे नव्या योजनेआधी चुकते करावे अशी मागणी असते. विदर्भ-मराठवाड्याच्या संदर्भात रुळलेला हा शब्द रसिकतेला लावणे काहीसे धीटपणाचे वाटेल. तरीही मुंबईत जुन्या गाण्यांना मिळालेला प्रतिसाद स्मरणरंजनापेक्षा अनुशेषाच्या वसुलीशी अधिक जुळतो. १९८४-८५ चा तो दौरा भारतात आला नव्हता. २००८ मध्ये त्याचे नेपथ्यासह उशिरा आगमन झाले आणि श्रोत्यांनी ते हक्काने स्वीकारले. नव्या अल्बमचा धिक्कार त्यात अनुस्यूत नव्हता.

या निरीक्षणाला लांबीच्या तक्रारीतूनच पुरावा मिळतो. मुंबईच्या कार्यक्रमात 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे कोलरिजच्या १७९८ मधील दीर्घकवितेवर आधारलेले गाणे होते. ते तेरा मिनिटांहून अधिक लांब आहे, मध्ये दीर्घ मंद भाग आहे, कथनाला घाई नाही. इंग्रजीच्या वर्गात जी कविता पूर्ण वाचून घेणे प्राध्यापकांना जड जाते, तिचे हे रूपांतर विद्यार्थी उभ्याने ऐकतात. २००६ च्या अल्बममधील कोणतेही गाणे एवढे लांब नाही. म्हणजे जो श्रोता नव्या गाण्यांना लांबट ठरवतो, त्याची खरी हरकत मिनिटांना नाही. जुन्या गाण्याची लांबी सवयीने आत्मसात झालेली असते, प्रत्येक वळण आधीच ठाऊक असते. नव्या गाण्यात ते वळण अजून कमवायचे असते. चाहत्यांच्या प्रतिक्रियांना अल्बमचे मूल्यमापन म्हणून वाचणाऱ्या समीक्षेकडून हा भेद निसटतो.

अनुशेषाच्या या मांडणीलाही मर्यादा आहे. तो एकदा भरून निघाल्यावर श्रोत्याने नव्याकडे वळावे अशी अपेक्षा ठेवली, तर पुढील इतिहास तिला साथ देत नाही. २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स'मध्ये अठरा मिनिटांचे गाणे देणाऱ्या आणि २०२१ मध्ये 'सेन्जुत्सु'सारखा ऐंशी मिनिटांपलीकडचा अल्बम काढणाऱ्या या बँडने २०२५ मध्ये सुरू केलेल्या पन्नाशीच्या दौऱ्यासाठी पुन्हा १९९२ पर्यंतच्याच पहिल्या नऊ अल्बमांची निवड केली. ज्या देशांत हा बँड वर्षानुवर्षे जात होता, तेथेही हीच निवड चालली. तेथे अनुशेष नव्हता. म्हणजे तेथील मागणीचे मूळ दुसरे आहे, आणि दोन ठिकाणांहून येणारा एकच घोष ऐकून त्यांना एकाच कारणाखाली टाकणे घाईचे होईल.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यापुरती एक गोष्ट मात्र वेगळी राहिली. लंडनच्या श्रोत्याने 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' रंगमंचावरून, हव्या असलेल्या जुन्या गाण्यांच्या आड येणारा अडसर म्हणून ऐकला. बंगळूरला न जाता केवळ मुंबई गाठलेल्या श्रोत्याला तो कधीच तसा भेटला नाही. त्याच्याकडे तो फक्त ध्वनिमुद्रणातून आला, कानाला यंत्र लावून, बहुधा एकट्याने, मास्टरिंगविना राहिलेल्या त्या खडबडीत आवाजासह. 'द लाँगेस्ट डे'चे दबके प्रास्ताविक जिथे पुरते ऐकू येते, अशी ती जागा होती.